टॅलाडेगाच्या रेसला स्कॅनर भाड्याने घ्यावा का? (घ्या, पण बॅटरी तपासून घ्या)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू नॅसकारच्या रेसचा नाही आणि ट्रॅकचाही नाही, त्या डब्याचा आहे. डबा म्हणजे स्कॅनर, ड्रायव्हर आणि त्याच्या टीमचं रेडिओवरचं बोलणं ऐकायचा. दिसायला जुन्या वॉकीटॉकीसारखा, त्यातून दोन वायरी निघतात आणि वायरींच्या टोकाला दोन जाडजूड हेडफोन, विमानतळावर विमानाला हात दाखवणारी माणसं घालतात ना तसले. ट्रॅकच्या बाहेर तंबू टाकून बसलेली दुकानं असतात त्यातल्या एकातून आम्ही हा सेट दिवसभरासाठी भाड्याने घेतला, दोघांचं मिळून ऐंशी डॉलरच्या जरासं खाली गेलं आणि वर कार्डवर डिपॉझिट अडकवलं ते वेगळं. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण पुढे तक्रार आहे आणि मला भांडण नकोय.

ज्यांना नॅसकार म्हणजे काय माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फॉर्म्युला वन वेगळं, ते उघड्या चाकांचं, नाजूक. हे स्टॉक कार, म्हणजे वरून आपल्या रोजच्या गाडीसारखं छप्पर-दारं असलेलं धूड, दीड टनाच्या आसपास वजन, आणि अशा चाळीस गाड्या एकमेकींना अक्षरशः ढकलत गोल गोल फिरतात. टॅलाडेगा अलाबामात आहे, १९६९ पासून चालू, एक फेरी २.६६ मैलांची, वळणावर रस्ता ३३ अंशात तिरका. टीव्हीवर ते ३३ अंश काही कळत नाहीत, मी दहा वर्षं टीव्हीवर बघत होतो आणि मला वाटायचं थोडासा उतार असेल, प्रत्यक्षात बघितल्यावर अण्णा म्हणाले, "आरं ही भिंत हाय, रस्ता न्हाय."

अण्णा म्हणजे वडील. सहा महिन्यांसाठी आलेत आमच्याकडे अटलांटाला. एसटीत ड्रायव्हर होते, विटा आगार, एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी रातराणीवर. पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेबद्दल सत्कार झालेला, तो बिल्ला अजून कपाटात आहे. त्यांना इथे आल्यापासून करमत नव्हतं, मॉल बघून झाले, मंदिर बघून झालं, म्हटलं चला तुम्हाला गाड्या दाखवतो. तारीख ६ ऑक्टोबर २०२४, रविवार, नवरात्र चालू, आईने घट बसवलेले आणि नऊ दिवसांचे उपास धरलेले. ती म्हणाली घरात देवी बसलीय आणि बापलेक निघाले मोटारी बघायला, पण म्हणता म्हणता चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिलीच. एक बरं आहे, या ट्रॅकवर मऊ पिशवीवाला छोटा कूलर आत नेऊ देतात, आपलं खाणं आपण नेता येतं, नाहीतर दोघांच्या जेवणात पन्नास डॉलर गेलेच समजा. अजून एक फायदा म्हणजे अटलांटाहून निघालं की राज्याची हद्द ओलांडताना घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे उशीर झाला होता तरी वेळेत पोचलो. (परत येताना तो तास व्याजासकट जातो, सोमवारी ऑफिस असेल तर विचार करून जा.)

आता मुद्द्याचं. स्कॅनर घेतला नाही तर काय होतं? मी याआधी एकदा स्कॅनरशिवाय गेलोय म्हणून सांगू शकतो. पहिल्या दहा लॅप्स (म्हणजे फेऱ्या) अंगावर काटा येतो, चाळीस गाड्यांचा तो आवाज कानातून नाही, छातीतून जातो, बाकडं थरथरतं. पुढच्या वीस लॅप्स तुम्ही आपला आवडता नंबर शोधता. त्यानंतर दोन तास तुम्ही गाड्यांचा एक घोळका समोरून जाताना बघता, पन्नास सेकंदांनी परत बघता, परत पन्नास सेकंदांनी बघता, आणि शेजारचा माणूस काय आवडीनं ओरडतोय हे तुम्हाला कळत नाही. मग एकदम धूर, गाड्या फिरल्या, सगळे उभे राहिले, आणि तुम्हाला वाटतं की अपघात झाला. तो झाला कसा, कुणी कुणाला ढकललं, तीन मिनिटांपूर्वी काय ठरलं होतं, काहीच माहीत नाही. म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीचा उलटा प्रकार, डोळे उघडे आणि कान बंद.

स्कॅनरने कान उघडतात. नॅसकारमध्ये प्रत्येक ड्रायव्हर, त्याचा क्रू चीफ (टीमचा मुख्य माणूस, डावपेच ठरवणारा) आणि स्पॉटर (उंचावरून बघून सांगणारा) हे तिघं रेडिओवर बोलत असतात आणि हे बोलणं कुणालाही ऐकता येतं, रेडिओ गुप्त (एन्क्रिप्ट) करायची मुभा नाही. भाड्याच्या स्कॅनरमध्ये सगळ्या गाड्यांच्या फ्रिक्वेन्सी आधीच भरलेल्या असतात, गाडीचा नंबर दाबला की त्या गाडीचं बोलणं चालू, इतकं सोपं की अण्णांनी पाच मिनिटांत माझ्या हातातून काढून घेतलं. शिवाय एक चॅनेल रेस कंट्रोलचा, म्हणजे वरून आदेश देणाऱ्या पंचांचा, आणि एक रेडिओ कॉमेंट्रीचा. माझी शिफारस विचाराल तर कॉमेंट्रीचा चॅनेल पहिल्या अर्ध्या तासापुरता ठेवा, मग एकाच ड्रायव्हरला धरून बसा. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकायला गेलात तर मेथीच्या भाजीत बासुंदी मिसळल्यासारखं होतं.

आम्ही कुणाला धरलं ते नाव मुद्दाम सांगत नाही, इथे कमेंटमध्ये चाहते येऊन भांडतात. मधल्या फळीतला एक म्हणा.

ऐकायला लागल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही, की ड्रायव्हर जवळजवळ काही बोलत नाही. बोलतो स्पॉटर. अखंड. हा माणूस प्रेक्षकांच्या स्टँडच्या डोक्यावर, अगदी उंचावर उभा असतो, प्रत्येक गाडीचा एक, म्हणजे वर पण चाळीस माणसांची रांग. ड्रायव्हरचं डोकं हेल्मेट, सीटच्या बाजूच्या पट्ट्या आणि मानेच्या उपकरणात असं जखडलेलं असतं की त्याला मान वळवून शेजारी कोण आहे हे बघता येत नाही. मग हा वरून सांगतो, आतल्या बाजूला एक, दारापाशी आला, मागच्या चाकापाशी, मागच्या चाकापाशी, सुटला, क्लिअर. लगेच बाहेरच्या बाजूला दोन, तीन रांगा झाल्या, मधे आहेस, तसाच राहा. एका सुरात, न थांबता, साडेतीन तास. अण्णा दहा-बारा मिनिटं गप्प ऐकत होते, इंग्रजी त्यांना फारसं येत नाही, पण हे त्यांना भाषेशिवाय कळलं. हेडफोनच्या माइकचं बटण दाबून माझ्या कानात ओरडले, "ह्यो कंडक्टर हाय की रं!" आणि बरोबरच होतं ते, एसटी स्टँडात गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या, बस्स, असं म्हणतो, आणि ड्रायव्हर आरशात न बघता त्याच्या आवाजावर गाडी घेतो. फरक एवढाच की इथला कंडक्टर हे तीनशे किलोमीटरच्या स्पीडला म्हणतोय आणि 'बस्स' म्हणायला उशीर झाला तर पंचवीस गाड्या गेल्या.

हे बटण प्रकरण पण सांगून टाकतो. दोन हेडफोनवाल्या सेटमध्ये तुम्ही दोघं एकमेकांशी बोलू शकता, माइक तोंडासमोर येतो, कानाच्या कपावर बटण असतं ते दाबून बोलायचं. हे फार म्हणजे फार उपयोगी आहे, कारण त्या आवाजात नुसतं तोंडाने बोलणं अशक्य. यासाठी वरचे जे काही डॉलर जातात ते द्या. एकटे जाणार असाल तर नको. फक्त बरोबरच्या माणसाला बटण सोडायला शिकवा. अण्णा दाबून धरायचे आणि मला पंधरा मिनिटं फक्त त्यांचं चपाती चावणं ऐकू आलं.

आता स्ट्रॅटेजी. इथे माझा स्वतःचा थोडा अपेक्षाभंग झाला आणि तो स्कॅनरमुळेच झाला, कारण स्कॅनर नसता तर कळलंच नसतं. समोर गाड्या धडधडत जातायत, लोक ओरडतायत आणि कानात क्रू चीफ सांगतोय की वाचव, अजून वाचव. काय वाचव? पेट्रोल! हल्ली टॅलाडेगा आणि डेटोना या दोन ट्रॅकवर हे फार चालतं. पिटमध्ये (टायर-पेट्रोलसाठी थांबायची जागा) गाडी थांबली की चार टायर बदलायला हल्ली दहाएक सेकंद लागतात, २०२२ च्या नव्या गाडीपासून चाकाला पाचऐवजी एकच मोठा नट आलाय त्यामुळे ते पटकन होतं, पण या ट्रॅकवर टायर फार झिजत नाहीत, वेळ जातो तो पेट्रोल भरण्यात. जेवढं कमी भरायचं तेवढं कमी थांबायचं, तेवढं पुढे बाहेर यायचं, आणि इथे पुढे असणं म्हणजेच सगळं काही कारण तीन रांगा लागल्या की वाट काढायला जागाच नसते. म्हणून सगळे अर्ध्या पायाने गाडी चालवतात, कुणी पुढे जायचा आव आणत नाही, आणि वरून दिसतं की काय भयंकर रेस चाललीय.

मी वैतागून हे अण्णांना सांगितलं, म्हटलं फसवणूक आहे. तर त्यांचा चेहरा एकदम खुलला. केपीटीएल! एसटीवाल्यांना हा शब्द सांगायला नको, दहा लिटरमध्ये गाडी किती किलोमीटर गेली त्याचा हिशोब, आगारात फळ्यावर लागायचा, डिझेल बचतीचं बक्षीस असायचं. अण्णा म्हणाले, मग ह्यो खरा ड्रायव्हर, मोकळ्या रस्त्याला काय कुणीबी पळवतंय. त्यानंतर त्यांनी रेसमधला रस वाढवला आणि मी कमी केला. ड्राफ्ट पण त्यांना समजवावा लागला नाही, पुढच्या गाडीने हवा कापली की मागचीला कमी जोर लागतो आणि दोघी मिळून एकटीपेक्षा जोरात जातात. हायवेला मोठ्या कंटेनरच्या मागे लागलं की गाडी हलकी होते हे त्यांनी पुणे-बंगळूर रोडला रातराणीवर अनुभवलेलं. म्हणूनच इथे पिटला पण एकटं कुणी जात नाही, फोर्डवाले फोर्डवाल्यांबरोबर, टोयोटावाले टोयोटावाल्यांबरोबर असे जथ्याने आत जातात आणि जथ्याने बाहेर येतात, कारण एकटा पडला की घोळका त्याला गाठतो आणि वळसा घालून जातो. ही सगळी ठरवाठरवी तुम्हाला स्कॅनरवर पाच-सहा लॅप्स आधी ऐकू येते, मग समोर घडताना दिसते, आणि तेव्हा जो आनंद होतो ना, गाण्याच्या मैफलीत समेवर मान हलवल्यासारखा, त्याचे ऐंशी डॉलर मला तरी जड वाटले नाहीत.

आता थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पूर्वी इथे गाड्या मोकाट पळायच्या. १९८७ मध्ये बिल एलियटने याच ट्रॅकवर क्वालिफायिंगला (रेसआधी, कोण पुढून निघणार ते ठरवायच्या फेरीला) ताशी २१२.८०९ मैलांची लॅप मारली, म्हणजे ३४२ किलोमीटर, आणि तो आकडा आजही तसाच आहे. त्याच रेसमध्ये बॉबी अ‍ॅलिसनचा टायर फुटला, गाडी उलटी फिरून हवेत उडाली आणि प्रेक्षकांपुढच्या जाळीला जाऊन भिडली, जाळीचा मोठा तुकडा फाटला, माणसं जखमी झाली. गाडी आत पडली, स्टँडमध्ये नाही, हे नशीब. (ती रेस जिंकली कुणी? त्याच्याच मुलाने, डेव्हीने, त्याचा पहिलाच विजय. बापाची गाडी जाळीत गेलेली आरशात बघून पोरगा जिंकतो, असलं कुणी सिनेमात दाखवलं तर आपण हसू.) त्यानंतर १९८८ पासून इंजिनला जाणारी हवा अडवायची चकती आली, रिस्ट्रिक्टर प्लेट. २०१९ मध्ये ती जाऊन दुसरा तसाच तुकडा आला. २०२४ मध्ये इथे इंजिन ५१० हॉर्सपॉवरच्या आसपास चालायचं, बहुतेक बाकीच्या ट्रॅकवर ६७०.

यातली मेख बघा. गाडी उडू नये म्हणून सगळ्यांचा जोर कापला, पण सगळ्यांचा सारखाच कापला, त्यामुळे कुणीच कुणाला सोडून जाऊ शकत नाही, चाळीसच्या चाळीस एका गठ्ठ्यात. मग एकाने चूक केली की मागचे सगळे त्यात. याला इथले लोक 'बिग वन' म्हणतात आणि तिकीट काढताना मनातल्या मनात त्याचीच वाट बघतात, कबूल करोत न करोत. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या नियमानेच सगळ्यात मोठे अपघात जन्माला घातले, आणि तरीही मी म्हणेन की नियम बरोबर आहे, कारण घसरत जाऊन एकमेकांवर आपटणाऱ्या वीस गाड्या आणि स्टँडकडे उडत येणारी एक गाडी यात मी माझ्या बापाला घेऊन कुठे बसेन ते मला माहीत आहे. २००९ मध्ये इथेच कार्ल एडवर्ड्सची गाडी शेवटच्या लॅपला उडून जाळीत गेली होती, प्रेक्षक जखमी झाले होते. एडवर्ड्स बाहेर पडला आणि पायी धावत जाऊन त्याने रेषा ओलांडली, लोक अजून तेच दाखवतात, जाळीमागच्यांचं कमी बोलतात. आम्ही मुद्दाम वरच्या रांगांची तिकिटं काढली होती. वरून ट्रॅक पण जास्त दिसतो, खालची स्वस्त तिकिटं घेऊ नका.

तर त्या दिवशीचा बिग वन. पाच लॅप्स राहिल्या होत्या. आता कुणी पेट्रोल वाचवत नव्हतं, स्पॉटरच्या आवाजाचा सूर अर्ध्या तासापूर्वीच चढला होता, वाक्यं तुटक झाली होती, ढकल, ढकल, मागून येतायत, जोरात येतायत. ऑस्टिन सिंड्रिक सगळ्यात पुढे, त्याच्या मागे ब्रॅड केसेलोस्की, त्याला मागून धक्का, त्याचा सिंड्रिकला धक्का, आणि सिंड्रिक फिरला. हे पलीकडच्या बाजूला झालं, आम्हाला आधी काही दिसलंच नाही. कानात आलं. स्पॉटर एकच शब्द तीन-चारदा ओरडला, मग खाली जा, खाली जा, आणि मग धाडकन काहीतरी आणि रेडिओ गप्प. धूर आम्हाला त्यानंतर दिसला. २८ गाड्या. चाळीसातल्या अठ्ठावीस! कप सिरीजमधला (नॅसकारची सगळ्यात वरची मालिका) आजवरचा सगळ्यात मोठा म्हणाले नंतर.

तो जो गप्प रेडिओ असतो ना, त्याच्याबद्दल कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं. तीन सेकंद असतील, चार असतील. मग क्रू चीफचा आवाज, ओरडून नाही, अगदी हळू, ठीक आहेस का. परत शांतता. मी अण्णांकडे बघितलं, त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले होते आणि उजवा पाय बाकड्याखाली ब्रेकवर असल्यासारखा ताठ होता. पंचवीस वर्षं ज्याने ओरखडासुद्धा येऊ दिला नाही तो माणूस. मग ड्रायव्हर बोलला, ठीक आहे, आणि लगेच गाडीबद्दल काहीतरी शिवी. अण्णांना शब्द कळले नाहीत, शिवीचा सूर कळला, म्हणाले, "शिव्या देतुय म्हंजे बरा हाय."

इथे एक माहिती असू द्या, ड्रायव्हरच्या खिडकीला जी जाळी असते ती अपघातानंतर त्याने खाली सोडली की समजायचं तो शुद्धीवर आहे आणि ठीक आहे. स्टँडमधले जुने लोक गाडी बघत नाहीत, जाळी बघतात. त्या दिवशी एकेक करून जाळ्या खाली येत गेल्या. गाडी स्वतःहून परत जाण्यासारखी नसेल तर ड्रायव्हरला ट्रॅकवरच्या दवाखान्यात तपासून घ्यावंच लागतं, मला काही झालं नाही म्हणून चालत नाही. २८ गाड्या आणि गंभीर दुखापत कुणालाच नाही.

हे असंच झालेलं नाही. मे २००० मध्ये अ‍ॅडम पेटी गेला, एकोणीस वर्षांचा पोरगा, त्याचे आजोबा रिचर्ड पेटी म्हणजे या खेळातलं सगळ्यात मोठं नाव. जुलैमध्ये केनी अर्विन गेला, त्याच ट्रॅकवर. ऑक्टोबरमध्ये टोनी रोपर. आणि १८ फेब्रुवारी २००१ ला डेटोना ५०० च्या शेवटच्या लॅपला डेल अर्नहार्ट, सात वेळचा चॅम्पियन. त्याचा अपघात व्हिडिओत बघाल तर वाटेल हे काय, साधा भिंतीला लागला, उडाला नाही, उलटला नाही. पण पट्ट्याने शरीर धरलं आणि डोकं पुढे गेलं, कवटीच्या बुडाशी तुटलं. मानेचं ते उपकरण, हॅन्स, तेव्हा बाजारात होतं, रॉबर्ट हबर्ड नावाच्या प्राध्यापकाने आणि त्याचा मेहुणा रेसर जिम डाउनिंग याने ते कधीच बनवलं होतं, पण ड्रायव्हर लोकांना ते अडचणीचं वाटायचं, अर्नहार्टनेही घातलं नव्हतं. ऑक्टोबर २००१ मध्ये असल्या उपकरणाची सक्ती झाली. २००२ पासून सिमेंटच्या भिंतींपुढे सेफर बॅरियर यायला लागले, नेब्रास्का विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेले, बाहेर पोलादी चौकोनी नळ्या आणि मागे फोमचे ठोकळे, गाडी आपटली की भिंतच थोडी मागे सरते. छतावरच्या झडपा त्याआधीच, १९९४ च्या, गाडीचं तोंड मागे फिरलं की हवेने आपोआप उघडतात आणि गाडी जमिनीवर धरून ठेवतात, म्हणजे बहुतेक वेळा धरून ठेवतात. २००१ नंतर नॅसकारच्या वरच्या तीन सिरीजमध्ये रेसमधल्या अपघातात एकही ड्रायव्हर दगावलेला नाही.

पण सगळं आलबेल आहे असंही नाही हं. २०२२ ची नवी गाडी इतकी मजबूत केली की मागून आपटल्यावर गाडीला काही होईना आणि सगळा धक्का माणसाला. कर्ट बुश या ड्रायव्हरला पोकोनोच्या ट्रॅकवर क्वालिफायिंगमध्ये डोक्याला असा मार बसला की त्याची पूर्णवेळ कारकीर्दच संपली, मग २०२३ साठी गाडीचा मागचा भाग मुद्दाम जरा मऊ केला. मी हे मधल्या लाल झेंड्याच्या (रेस थांबवलेल्या) वेळात अण्णांना सांगत होतो, त्यांनी खंबाटकीच्या वळणावरचे दोन किस्से सांगितले, ते मी इथे लिहीत नाही. एवढंच म्हणाले की आमच्या गाडीला एवढं कोण करणार, शिटाला पट्टा आला त्ये पण मी रिटायर व्हायला लागल्यावर.

आणि आता तक्रार. सगळं साफसूफ होऊन रेस ओव्हरटाइमला गेली, म्हणजे अजून दोन लॅप्सचा फैसला, पूर्ण स्टँड उभं, आणि आमच्या डब्याने मान टाकली. बॅटरी! देताना पोऱ्या म्हणाला होता दिवसभर पुरेल. बहुतेक आदल्या दिवशीचीच होती, दोन हेडफोन असल्यावर जरा जास्त खात असेल ते वेगळं. रिकी स्टेनहाउसने ती रेस केसेलोस्कीला ०.००६ सेकंदाने मागे टाकून जिंकली, २०२३ च्या डेटोना ५०० नंतर त्याचा पहिला विजय, तिघं एका ओळीत रेषेवर, आणि आम्ही ती शेवटची लॅप बहिऱ्यासारखी बघितली. अण्णांनी तर हेडफोन काढलेच नाहीत, नुसतेच घालून उभे. म्हणून सांगतो, भाड्याने घेताना समोर नवीन सेल टाकून घ्या, जमलं तर एक जोडी जास्तीची मागा, नाही दिली तर घरून न्या. दुसरं, नंबरांची यादी छापील देतात ती जुनी होती, दोन गाड्यांचे ड्रायव्हर चुकीचे. तिसरं, कानाच्या गाद्या. ऑक्टोबर असून ऊन रणरणत होतं आणि त्या रेक्झीनच्या गाद्यांत कान अक्षरशः शिजतात, आतून रुमाल लावा. आवाज मात्र स्वच्छ, खरखर फार नाही, बाहेरचा आवाज पण चांगला अडतो, लहान मूल नेणार असाल तर स्कॅनर नसला तरी चालेल पण कानावर असलं काहीतरी हवंच हवं.

मोबाइलवर अ‍ॅपमध्ये पण हे बोलणं ऐकता येतं, स्वस्त पडतं, पण ते मागे मागे येतं आणि एवढ्या लाखभर लोकांत नेटवर्क रडतं. गाडी समोरून गेल्यावर स्पॉटर सांगणार की गाडी येतेय, काय उपयोग. वर्षातून तीन-चार रेस बघणार असाल तर स्वतःचा स्कॅनर विकत घ्या, नाहीतर भाडं परवडतं. मी पुढच्या वेळी हेडफोन स्वतःचा आणि डबा भाड्याचा असं करणार आहे. पाचपैकी साडेतीन, बॅटरी टिकली असती तर साडेचार दिले असते.

परत करायला गेलो तर रांग मोठी. बॅटरीचं सांगितलं, पोऱ्याने सॉरी म्हटलं आणि पाच डॉलर परत देतो म्हणाला, घेतले. मग तो एकेक वस्तू तपासायला लागला आणि माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या माइकच्या फोमला शेंगदाण्याची चटणी लागलीय, चांगली लालभडक. मी तो हेडफोन उलटा धरून अंगठ्याने फोम पुसत पुसत त्याच्याशी स्टेनहाउसबद्दल बोलत राहिलो. त्याने वास घेतला की नाही माहीत नाही. डिपॉझिट सुटलं.